दोन लांब, एक तोकडा

आप्पा, परवा दादाचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याचं कारण तुम्ही होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरात अजून तुमच्याच शब्दावरून भांड्याला भांडं लागतं. म्हटलं, तुम्हालाच सांगावं. माझ्या पोरीनं मालाच्या गाडीचं स्टेअरिंग धरलंय. तुम्ही बघितलं नाहीत तिला, पण हनुवटी वर करून बोलायची खोड तुमचीच उचललीय.

तुमच्या टेम्पोचा हॉर्न मला अजून ऐकू येतो. वाशीला टोमॅटो उतरवून, माळशेज चढून तुम्ही येणार, आणि आपल्या फाट्यावर वळलात की दोन लांब, एक तोकडा. तोवर आई जेवायची नाही. हॉर्न झाला की ती चुलीवर तवा टाकते, आणि तुम्ही पाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असते. एकदा तुम्ही भरलेली गाडी घेऊन निघालात आणि फाट्यावर पंक्चर काढायला थांबलात. शाळा तिथंच. मी शाळेतून सुटले, केबिनमध्ये चढले आणि मोठ्या ऐटीत दोन लांब, एक तोकडा वाजवला. आईला वाटलं, आत्ता गेलेली गाडी परत का आली, काय झालं? बिचारी पिठानं भरलेल्या हातांनी, अनवाणी पळत आली. तुम्ही मला बखोटीला धरून खाली उतरवलंत. म्हणालात, "हॉर्न म्हंजी खेळणं न्हाई. तुजी आय त्याच्यावर जगती." आई धापा टाकत हसत होती, मी भोकाड पसरलं होतं, आणि पंक्चरवाल्यानं मला गोळी दिली.

मग आणखी एक दिवस, मी लग्नाची झाल्यावरचा. मला बघायला पुण्याचं पावणं आलं होतं. त्यांनी विचारलं, वडील काय करतात? दादा पटकन बोलून गेला, "भाजीचा व्यापार हाय आमचा." तुम्ही खेपेवरून नुकतेच आला होतात आणि खाकी शर्टात दारातच उभे होतात. तसेच मागं फिरून टेम्पोकडं गेलात. ती सोयरीक काही जमली नाही, पुढं मला गावातच दिलंत, पण त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "माज्यामागं या घरात कुनी स्टेअरिंग धरायचं न्हाई." दादानं तो शब्द देव्हाऱ्यात ठेवला. खताचं दुकान टाकलं, मुलांना बँकेत चिकटवलं. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं, गाडीनं कुणाचं काय वाईट केलं? लाज आम्हाला वाटली, आणि शिक्षा गाडीला.

तुमच्या वेळी शिकला नाही म्हणून माणूस गाडीवर जायचा. आता पोरं यासाठी शिकतात हो, आप्पा. कोणाचा माल आधी उचलायचा, तो किती थंड ठेवायचा, वाटेत घाट बंद झाला तर कुठून वळवायचा, या सगळ्याचं शिक्षण असतं. आपल्या शेजारची पोरगी चाकणच्या गोदामात माल उचलायची मशीन चालवते आणि घरी येताना भावासाठी जिलबी आणते. माझीनं पुण्यात मालवाहतुकीचा कोर्स केला, चाकणला नोकरी केली. आता आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून थंड डब्याची गाडी घेतलीय आणि सगळी वाहतूक हिनं बघावी म्हणतात. तर ही म्हणाली, "पहिला हंगाम मी सोताच गाडी चालवणार. घाटात भरलेली गाडी कशी वागती ते मला ठाऊक न्हाई, आन् खुर्चीत बसून डायवरला 'उशीर का झाला' म्हनून कोणत्या तोंडानं इचारू?" अस्सा आनंद झाला मला! मनात म्हटलं, हे ऐकायला तुम्ही असायला हवे होतात.

दादा तरातरा आला. "आप्पांचा शब्द व्हता. तू मोडनार?"

"मोडनार."

"उद्या सोयरीक जमवायची तर काय सांगशील?"

"सांगीन, गाडी चालवती. तिचा आजा बी चालवायचा. तू सांग की, भाजीचा व्यापार हाय म्हनून."

लई लागलं त्याला. चहा तसाच टाकून गेला. तुमचा शब्द मी मोडला, आप्पा, आणि त्याची माफी मागत नाही. तुम्ही तो अपमानाच्या भरात बोललात. अपमान काय लोणचं आहे, बरणीत भरून पुढच्या पिढीला द्यायला?

ओझरच्या गणपतीपुढे नारळ फोडून ती निघाली. दादा नव्हता. काल दुपार कलता ती परतायची होती. मोबाईलवर तिची गाडी टिकलीएवढी दिसते. घाट चढला, ओतूर आलं, सगळं कळतं. त्या टिकलीकडं बघून भाकरी टाकता आली असती. पण मी पीठ मळून बसले आणि तव्याला हात लावला नाही. तेवढ्यात दादा आला. "सहज आलो," म्हणाला आणि पायरीवर बसला.

आणि फाट्यावरून आवाज आला. दोन लांब, एक तोकडा.

दादा ताडकन उठला. "आप्पा..." म्हणाला आणि तसाच उभा राहिला. मी तवा टाकला. बघते तर हा हौदावरून पाण्याची बादली भरून आणतोय, आणि डोळे बाहीला पुसतोय. पोरगी अंगणात आली तसा तिच्यावरच खेकसला, "पाय धू आदी. भाकरी गार व्हईल."

आज सकाळपासून तो गावभर सांगत सुटलाय. तिला कुणी शिकवलं नाही, रक्तातूनच आलं, आप्पांनीच हॉर्न देऊन परवानगी दिली. दुकानात येईल त्याला ऐकवतो. डोळ्यांत पाणी आणून ऐकवतो हो.

हे पत्र घडी करून मी डाळीच्या डब्याखाली ठेवणार आहे. तुम्हाला पोचायचं नाही आणि दादा स्वयंपाकघरात डबे उचलायचा नाही, तेच बरं. कारण तो हॉर्न तिला मीच शिकवला, आप्पा. गाडी निघायच्या आदल्या दिवशी, ताटलीवर चमच्यानं वाजवून.