एक एप्रिलच्या आतले लग्न

सोलापूर,
होळीच्या आदल्या दिवशी, फाल्गुन शके १८५१

तीर्थरूप आत्याबाई,

एकतीस मार्चला जो संस्कार आहे तोच एक एप्रिलला गुन्हा कसा होतो? हा प्रश्न माझा नाही, आपल्या प्रभीचा आहे. पाट्यावर चटणी वाटता वाटता तिने तो मला विचारला, आणि इंटरला तर्कशास्त्र व बी. ए.ला संस्कृत घेतलेली तिची थोरली बहीण तो जसाच्या तसा तुमच्याकडे पाठवते आहे. मला खरोखरच उत्तर येत नाही. तुम्हाला येत असेल तर कळवावे.

रागाच्या भरात नमस्कार लिहायचाच राहिला, तो आता घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? शाळेच्या वार्षिक परीक्षा कुठवर आल्या? बार्शीच्या मुली अजून भूगोलात तशाच कच्च्या आहेत का? इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत, माझीच तेवढी संतापाने बिघडली आहे. (मायन्यात 'गं. भा.' घातलेले नाही, ते विसरून नव्हे. नवरा गेला की बाईला दोन नद्यांची नावे चिकटवायची आणि बायको गेलेल्या पुरुषाला साध्या ओढ्याचेही नाव द्यायचे नाही, ही रीत मी मोडली आहे. राग आला असल्यास बार्शीहून रागवावे.)

तर हकिकत अशी की आपल्या प्रभीचे, म्हणजे अजून अकरा पुरी न झालेल्या प्रभीचे, लग्न ठरले आहे. मुहूर्त वद्य पंचमीचा. एवढी घाई का, ते तुम्ही ओळखलेच असेल. एक एप्रिलपासून सारडा कायदा लागू होतो, आणि मग चौदाच्या आतल्या मुलीचे किंवा अठराच्या आतल्या मुलाचे लग्न लावणाऱ्याला शिक्षा. त्यामुळे सध्या आमच्या पेठेत मांडवाला बांबू मिळत नाही आणि वाजंत्र्यांना दम घ्यायला सवड मिळत नाही. भटजी एका मांडवात 'सावधान' म्हणतात आणि अंतरपाट खाली यायच्या आत दुसऱ्या मांडवाकडे पळतात. परवा पलीकडच्या आळीत तर कन्यादानाच्या संकल्पात त्यांनी मागच्या मांडवातल्या वराचे नाव, बाप-आजा-पणजासकट, खणखणीत उच्चारले. नवरी (वय आठ) मामाच्या खांद्यावर झोपली होती, त्यामुळे तिच्याकडून काही हरकत आली नाही.

हे इतरांनी केले तर मी समजू शकते. पण आमचे बाबा! गेल्या साली याच कायद्याच्या बाजूने सह्या गोळा करीत जे उन्हातान्हात हिंडले, वाचनालयात 'बालविवाह: समाजाला लागलेली कीड' असे दीड तासाचे व्याख्यान ज्यांनी दिले, (टाळ्या मी मोजल्या नाहीत, पण वाजवल्या होत्या) ते बाबा! मी त्यांना विचारले, हे कसे? तर चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "अनू, कायद्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. आपणच मागितलेला कायदा आपणच मोडणं शोभायचं नाही. म्हणून तो लागू व्हायच्या आत उरकतोय." आत्याबाई, आज सगळा देश कायदा मोडायला निघाला आहे. मिठासाठी साबरमतीहून पायी यात्रा निघाल्याची बातमी बाबांनी आज सकाळी मोठ्याने वाचली, वाचता वाचता डोळे पुसले, आणि ते पुसून झाल्याबरोबर त्यांनी आचाऱ्याला बोलावणे धाडले. हिंदुस्थानात कायदा पाळण्यासाठी मुलीचे लग्न उरकणारा दुसरा बाप असेल असे मला वाटत नाही.

व्याही निवडले आहेत तेही असलेच सुधारक. अण्णाराव वकील. त्या व्याख्यानाला अध्यक्ष तेच होते. मुलगा शरच्चंद्र, वय सतरा, मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेला. मुलगी बघायला त्यांच्या घरचे सगळे आले. प्रभीला चालायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला, वाचायला लावले. ती मराठी चौथीत पहिली आली आहे, तेव्हा तिने घडाघडा वाचले, आणि वाचता वाचता कुठे अडखळू नये म्हणून गेले चार दिवस हलणारा सुळा जिभेने दाबून धरला होता, तो शिऱ्याच्या पहिल्याच घासाला पडला. तिने तो तळहातावर घेऊन सर्वांना दाखवला. मला वाटले, सुटलो! दुधाचा दात समोर बघून तरी माणसांना लाज वाटेल. तर मुलाच्या आई हसत म्हणाल्या, "पडेना का बाई! नवा येईल तो आमच्याच घरी येईल." सगळे हसले. बाबाही हसले. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि कारण नसताना दोन कळश्या पाणी तुळशीला घातले.

आधी प्रभी खूष होती हे खरे सांगते. हिरवा चुडा, शालू, शिवाय मिरवणुकीत मोटार. मग त्याच बाईंनी जाता जाता सांगितले, "शाळेचं आता पुरे हं." जूनपासून तिला इंग्रजी पहिलीत बसायचे आहे. पुस्तके मी आधीच आणून ठेवली आहेत, ती उशाशी घेऊन झोपते. त्या दिवसापासून ती चुड्याचे नाव काढत नाही, नुसते असले प्रश्न विचारते.

मी आईकडे गेले. आई डाळ निवडत होती, निवडतच राहिली. "एकीला शिकवून बघितलं," म्हणाली, "बावीस वर्षांची झालीस. कोण विचारतंय तुला?" मी म्हटले, मला कोणी विचारत नाही याचे मला मुळीच दुःख नाही. "तेच तर माझं दुःख आहे," आई म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. आता यावर काय बोलायचे? घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून माझी मिरवणूक काढली ती याच आईने, दारात ओवाळलेही तिनेच, आणि आता तीच पदवी प्रभीला देवीच्या आजाराची गोष्ट सांगावी तशी सांगते आहे.

कळस पुढेच आहे. मी संस्कृतची बी. ए., तेव्हा मंगलाष्टके मी रचावीत असा सर्वांचा आग्रह. रचली! आठही, शार्दूलविक्रीडितात. पहिल्यात वधूचे वय, दुसऱ्यात वराचे मॅट्रिक, तिसऱ्यात अध्यक्ष महाराजांचे भाषण, चौथ्यात पडलेला दात, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्'. वाटले, बाबा वाचतील, कागद टरकावतील, एकदा तरी मनातले बोलतील. बाबांनी ती दोनदा वाचली, (तीस वर्षे संस्कृत शिकवतात) लाल पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "तिसऱ्यात यतिभंग झालाय. बाकी रचना प्रासादिक आहे." तेव्हा कळले की या घरात रागावणेसुद्धा वृत्तात बसले तर चालते.

मग शेवटचे अस्त्र म्हणून मी तुमचे नाव काढले. बाबांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "अक्काच्या लग्नात मी बुंदी खाऊन आजारी पडलो होतो," ते म्हणाले. तुम्ही नऊ वर्षांच्या होता, ते सहा. मी म्हटले, आणि चार वर्षांनी? त्यावर ते उठून गच्चीवर गेले. जेवायला आले तेव्हा एकनाथकाकांनी विषय बदलण्यासाठी सुचवले की एवढी धावपळ कशाला, एप्रिलनंतर अक्कलकोट संस्थानात जाऊन लावू, तिथे इंग्रजाचा कायदा चालत नाही. बाबा ताटावरून कडाडले, "असल्या पळवाटा काढणारा माणूस नव्हे मी!" खरोखरच नाहीत. एक एप्रिल उजाडला की बाबा प्रभीला चौदा वर्षांची झाल्याशिवाय बोहल्यावर चढवणार नाहीत, हे मी शपथेवर सांगते. सगळा प्रश्न मधल्या दिवसांचा आहे.

मी फार गोंधळले आहे. आईबाबांचे मन मोडू नये असे वाटते आणि सगळे मोडावे असेही वाटते. तरी या प्रसंगी मी काय करावे, याचा वडीलकीच्या नात्याने सल्ला द्यावा. सावकाश विचार करून लिहावे.

आपली आज्ञाधारक भाची,
अनसूया

ता. क. शेंगांची चटणी पाठवते आहे. तिखट बेताने घातले आहे. ती वाटणारी कोण, हे वर लिहिलेच आहे.

ता. क. २. आमची फुलवाली काशम्मा आज दुपारी बार्शीला तिच्या बाळंतीण लेकीकडे निघाली आहे. लग्नाच्या वेण्यांचे सांगायला आई तिच्याकडे गेली, तेव्हा ती म्हणाली, "अय्यय्यो, ह्या लेकराचं लगीन? अवो, हिला अजून येणी घालाया येत न्हाय की!" एवढा स्पष्ट विरोध या प्रकरणात दुसऱ्या कोणी केलेला नाही. चटणी तिच्याबरोबरच आहे.

ता. क. ३. हे पेन्सिलीने स्टेशनवर लिहिते आहे. सल्ल्याची घाई नाही. काशम्माबरोबर येऊन हे पत्र तुमच्या हातात देणारी मुलगी प्रभी आहे, तिला आधी आत घ्यावे आणि एप्रिलपर्यंत बाहेर सोडू नये. इंग्रजी पहिलीची पुस्तके तिच्या ट्रंकेत आहेत. मी काही लपवणार नाही. आता घरी जाऊन बाबांना सरळ सांगणार आहे, "प्रभी तुमच्या अक्काकडे आहे, लग्नासाठी हवी असेल तर तुम्ही स्वतः जाऊन तिच्याकडे मागा." ते येणार नाहीत, आणि आले तर तुमच्यासमोर त्यांना तोंड उघडवणार नाही.

तिकिटाच्या खिडकीशी मला थोडी धास्ती होती. पण बाबूने जाळीतून एकदा प्रभीकडे पाहिले आणि वय न विचारता अर्धे तिकीट फाडले. त्या अर्ध्या तिकिटावर मी तिला गाडीत बसवली आहे.