ओकांतेच्या नावाचा ढोल

८ मार्च १९७३

ओकांते गेला.

सुकी मासळी विकणारी झुलिया सकाळी सांगून गेली. खाडीपलीकडे विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात जंगलातली काही पोरं मेली. एकाच्या अंगावर माझ्या भावाचा हिरवा सदरा होता. खिशावर आईने लावलेलं ठिगळ तिने ओळखलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, म्हणाली. तिथेच पुरलं.

आई तोंडात कापडाचा बोळा धरून रडली. तो सरहद्दीपलीकडे डकारला कामाला गेलाय, असं आम्ही गावात सांगितलंय. पोर्तुगीजांविरुद्ध बंदूक उचललेल्याच्या घरी रडणंही महागात पडतं.

९ मार्च

शाळेत गेले. मुलांकडून पोर्तुगालच्या नद्या पाठ करून घेतल्या.

१४ मार्च

बाबा नीट जेवत नाहीत. गावात कोणी वारलं की लाकडी ढोल बाबाच वाजवतात. ढोल ठोक्यांतून आधी मेलेल्याचं नाव बोलतो, मग त्याच्या बापाचं, आज्याचं, पार मुळापर्यंत. ते ऐकून गेलेली माणसं त्याला न्यायला येतात. ओकांतेचं नाव अजून वाजलेलं नाही. तो कुठे भटकत असेल, हेच आईच्या डोक्यात.

आज म्हणाली, "गावच्या सगळ्यांसाठी वाजवलंत. स्वतःच्या लेकाच्या वेळीच हात आखडले?"

"चौकीवर ऐकू जाईल."

"गोऱ्यांना कुठे ढोल कळतो?"

"तुझा भाऊ कधीपासून गोरा झाला?"

विन्सेंतमामा आईचा चुलतभाऊ, चौकीवर शिपाई आहे. त्याला ढोल आमच्याइतकाच कळतो.

२ एप्रिल

म्हातारी इनासिया वारली. बाबांनी ढोल पुसून ठेवला. "तिच्यासोबत पोराचंही उरकतो," एवढंच बोलले.

३ एप्रिल

वाजवलं — भर दुपारी, सगळ्यांसमोर. म्हातारीचं नाव झालं, आणि बाबा थांबलेच नाहीत. ओकांते. उंपाचा मुलगा. इंशिन्याचा नातू. अंगणात माणसं काजूची दारू पीत बसली होती. कोणी मान वर केली नाही. आईने पहिल्यांदाच मोकळेपणी गळा काढला.

घरी आल्यावर ती पोटभर जेवली.

५ एप्रिल

विन्सेंतमामा आला. सोबत दोन गोरे.

"दाजी, म्हातारीला मूलबाळ नव्हतं," खाली बघत म्हणाला. "दुसरं नाव तिच्या घरातलं म्हणून कसं खपणार? एवढा तरी विचार करायचात."

बाबांनी विचारलं, "नीट वाजलं का?"

"नीट वाजलं."

"मग झालं तर."

पोराची टोळी कुठे आहे ते सांग, असं गोरे विचारत होते. मेलेल्याची कसली टोळी? बाबांना घेऊन गेले.

२० जून

बाबांसाठी चौकीवर दिलेला डबा आजही तसाच परत आला.

११ ऑगस्ट

बाबा गेले. कपडे दिले, प्रेत नाही. कशाने, ते सांगितलं नाही.

शेजारच्या गावच्या ढोलवाल्याकडे मी स्वतः गेले. "बाई, मला लेकरं आहेत," म्हणाला. त्याला काय बोलणार? परत आले.

१० सप्टेंबर १९७४

वर्षभर काही लिहिलं नाही.

पोर्तुगालने आमच्या देशाचं स्वातंत्र्य मान्य केलं. रेडिओवर सांगितलं. शाळेत मुलं बाकांवर चढून नाचली, मी चढू दिलं. विन्सेंतमामा घर सोडून पळालाय म्हणे. आईला सगळं सांगितलं. "बरं," म्हणाली.

१९ ऑक्टोबर

ओकांते आला. जिवंत. सदरा एका नव्या पोराला दिला होता, म्हणतो.

अंगणातूनच ओरडला, "म्हातारा कुठाय? खाडीपलीकडून ऐकलं आम्ही. माझं नाव, आज्याचं नाव, सगळं! मला मेलेला ठरवून काय बनवलंय गोऱ्यांना! पोट धरून हसलो गं आम्ही."

आई आत तांदूळ निवडत होती. हात थांबले, उठली नाही.

तो आंघोळीला गेलाय. अजून त्याला कोणी काही सांगितलेलं नाही.