अध्यक्षपदाच्या उमेदवाराची आयातबंदी

शारजा, रविवार

तीर्थरूप रामचंद्रमामांच्या सेवेशी नागेशचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना मानू लागला असेल आणि चहातल्या साखरेवर मामींचा पहारा पूर्ववत कडक असेल, असे धरून चालतो. इकडे आम्ही तिघेही कुशल आहोत (कोण किती कुशल, ते ओघात कळेल).

आपण पतपेढीचे चेअरमन असताना, "निवडणूक लढवायची तर धोरणावर लढव, चहा पाजून नको," असे मला बजावले होते. ते स्मरून मी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिलो आणि बी.कॉम.ला साजेसे आर्थिक धोरण जाहीर केले. सारांश असा, की जागतिकीकरणाने आपली दिवाळी पार बिघडवली आहे. सबब मंडळाच्या फराळात परदेशी माल आणि घराबाहेरचे हात यांस संपूर्ण बंदी. (बाकीचे उमेदवार पार्किंगवर बोलत होते. मला त्यांची कीव आली.)

काल इथल्या रोला भागातल्या एका हॉलमध्ये भाषणे झाली. पुरावा म्हणून मी घरची चकली उंच धरून म्हणालो, "ही पाहा, स्वावलंबी अर्थव्यवस्था!" त्यावर पहिल्या रांगेतल्या शुभ्राताईंनी विचारले, "भाजणीतली डाळ कुठली हो?" सातारची, असे सांगता आले असते, परंतु पाकिटे मीच आणलेली आणि खोटे विधान करणे माझ्या स्वभावात नाही. हरभराडाळ ऑस्ट्रेलियाची, उडीद ब्रह्मदेशचा, तीळ आफ्रिकेचे आणि (विचारले नसतानाही सांगितले) सोऱ्या चिनी. "हात मात्र घरचे!" असे मी ठासून म्हणतो न म्हणतो तोच आमच्या शेजारच्या बानूभाभी, मूळच्या रत्नागिरीच्या, उभ्या राहिल्या. "भावजी, हात माझे. वैनींना ताप होता, म्हणून मीच पाडल्या. पण काटा कसा आलाय, ते सांगा की सगळ्यांना!" हॉल हसत असतानाच आमची प्रज्ञा मागून म्हणाली, "बाबा, टेक्निकली यू आर ऑल्सो इम्पोर्टेड!"

मामा, अशा प्रसंगी वक्त्याने काय करावे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. मी चकली खाल्ली. ती इतकी खुसखुशीत होती, की माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. मग मी धोरणात तेथेच दुरुस्ती केली: इतके देश एका कढईत येऊन अशी चकली होत असेल, तर दोष जगाचा नसून माझ्या मसुद्याचा आहे. बंदी खलास! टाळ्या थांबेनात. यंदा मंडळाचा फराळ सर्वांनी मिळून बानूभाभींच्या देखरेखीखाली करायचा, असेही ठरले. विजय आता दृष्टिपथात आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
नागेश

ता.क. टाळ्या धोरणाला होत्या, उमेदवाराला नव्हत्या, असे आज उघड झाले. अर्जाची मुदत दुपारपर्यंत होती आणि आपल्या सूनबाईंनी, म्हणजे नर्मदेने, स्वतःचाच अर्ज भरला. सूचक बानूभाभी, अनुमोदक प्रज्ञा, जाहीरनामा माझाच (दुरुस्त प्रत). आम्हा दोघा उमेदवारांची निःपक्षपाती तुलना करून मी माघार घेतली आहे.

ता.क. दुसरा. मंडळाचे हिशोब दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका परक्या कंपनीकडे सोपवण्याचा नर्मदेचा विचार दिसतो. आपला शब्द ती मोडत नाही. तरी कृपया फोन करून सांगावे, की खजिनदारपदाच्या बाबतीत तरी घरचाच माल घ्यावा.