झडपेची तार

मनाली, ता. ११ जानेवारी २०२५

बाबा,

गॅरेजातले पाने विकाचे होते तर मले एक फोन कराचा होता. पण तुम्ही कधी कोणाले विचारलं? मी घर सोडलं तवाही "काहून जातं?" एवढंसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "जा, तुझं बूड कुठं टेकते." आता तुमची पोरगी दामिनी सांगते का रिंग पान्यांचा अख्खा सेट कबाड्याले दिला. आपल्या दिघोरीच्या गॅरेजचं शटर तर दोन वर्षांपासून खाली आहेच. मी फोन केला का तुम्ही "हं" म्हणता अन आईच्या हातात देता. म्हणून हे पत्र. आठवी नापासाचं अक्षर आहे, लागेल तसं वाचा.

नमस्कार राहिला. करतो. आईलेही.

मी ठीक आहे. थंडीनं बोटं फुटली, लोखंड धरलं का झोंबते, बाकी काही नाही. दोन वर्षांत हे चौथं गॅरेज. तुम्ही म्हणाल, पोट्टा कुठंच टिकत नाही. पण इथं सहा महिने झाले. मालकापाशी दोन जुन्या व्हॅन आहेत, इंदुताईच्या वैभवदादाची होती तशाच. मागं इंजिन, रेडिएटर नाही, हवेवरच थंड होणाऱ्या. टुरिस्ट लोकाईले फिरवाले ठेवल्या. पहिल्या दिवशी त्या पाहिल्या अन मी बॅग उचलून बस स्टँडपर्यंत गेलो होतो.

काम तुम्हाले आवडलं असतं. मालकाले गाडीत ऊबही पाहिजे अन चढावर दमही पाहिजे. तुम्ही सांगत होते तेच. सायलेन्सरच्या पाइपावरचे हीटरचे डबे काढून मोकळा पाइप लावला तर इंजिन खुश, पण आत माणसं कुडकुडतात. डबे ठेवले तर आत ऊब, पण गाडी चढावर रेंगाळते. मी डबे ठेवले, मागचा सायलेन्सर थोडा मोकळा बनवला, अन डब्यापासून समोर ड्रायव्हरच्या पायापर्यंत जे लांब नळकांडं जाते ना, त्याले जुन्या कांबळ्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. ऊब कमी नव्हतीच, वाटेतच सांडून राहिली होती. मालक चढावरून फिरून आला अन म्हणे, "नागपूरवाले, तुम्हारे यहाँ तो गर्मी मुफ्त मिलती है, तूने ये कहाँ सीखा?" मी म्हटलं, बापाजवळ.

अन डबा बसवाच्या आधी मी दरवेळी आतल्या पाइपाचं एक तोंड बंद करतो, दुसरीकडून हवा भरतो अन साबणाचं पाणी लावतो. एक बुडबुडा आला का डबा बाद. इथला सौरव मले "साबुन" म्हणते. "ओ साबुन, नहला दिया क्या?" म्हणू दे.

दामिनी म्हणे, तुम्ही आता झोपाच्या आधी दाराची कडी तीन-तीनदा ओढून पाहता. गॅस बंद केला का नाही ते पाहाले अंथरुणातून उठता. जुनं गिऱ्हाईक घरी आलं तर त्याले म्हणता, "माझा हात गेला, मले विसर पडते." आई तोंडाले पदर लावून आत जाते म्हणे.

तुम्हाले सगळं माहीत आहे, पण मले एकदा लायनीत लिहू द्या.

वैभवदादाची व्हॅन आली तवा तुम्ही डबे खोलून पाहिले. आतला पाइप सडला होता. हीटर चालू केला असता तर ऊबेसोबत इंजिनाचा धूर गाडीत आला असता. नागपुरात हीटरचा खटका वीस वर्षांत कोणी ओढलाच नव्हता, मग कोणाले पत्ता असणार? तुम्ही म्हटलं, डबे काढून टाकू. दादा म्हणे, "माझ्या बाबाईची गाडी आहे, जशी आहे तशीच ठेवा, मी नवे डबे बाहेर देशातून मागवतो." तवा तुम्ही डब्यातली हवा गाडीत सोडणाऱ्या झडपा बंद केल्या अन तारेनं बांधल्या. म्हटलं, नवे येतवरी कोणी हात लावाचा नाही.

डिसेंबरात दादा पचमढीले गेला. थंडी होती. इंजिन चालू ठेवून गाडीतच झोपला. सकाळी चहावाल्यानं काच वाजवली.

पोलिसाईनं अपघात लिहिला. तेरवीनंतर इंदुताई गॅरेजात आल्या. एकुलता एक पोरगा गेलेली माय, पण ओरडल्या नाही. स्टुलावर बसल्या अन विचारलं, "चंपतराव, झडपेले तार बांधली होती ना?" तुम्ही स्वतःच्या हातांकडं पाहिलं अन म्हणाले, "बांधली असन. आता सांगता येत नाही, ताई." त्या दिवशी तुम्ही जे शटर ओढलं ते ओढलंच. मी तिथंच होतो, ऑइलच्या ड्रमाजवळ, जॅक पुसत. पुसलेलाच पुसत होतो. आठ दिवसांनी मी निघालो.

तार बांधली होती, बाबा. आजोबा मागावर तुटलेलं सूत जोडताना जी गाठ मारत, तीच तुम्ही तारेले मारता. ती हातानं सुटत नाही, गाडी हलून सुटत नाही. मी ती पकडीनं कापली.

दादा निघाच्या आदल्या दिवशी तुम्ही कळमन्याले कोणाचा तरी बंद पडलेला ट्रक पाहाले गेले होते. दादा आला. म्हणे, "काय गा साहिल, पचमढीत माझी कुल्फी करतं का? तुझा बाप भित्रा आहे. थोडंसं खोलून दे, त्याले सांगू नको." पाइप सडला आहे हे मले माहीत होतं. तुम्हीच बॅटरी मारून दाखवला होता. पण दादा मले मेकॅनिक साहेब म्हणे, अन तुम्ही चारचौघांत गधा. मले वाटलं, थोड्याशानं काय होते. कापलेली तार खिशात टाकली अन घरी येताना नाल्यात फेकली. तार कुठंच सापडली नाही, म्हणून तुम्हाले वाटलं का आपण बांधलीच नाही.

अन मी वाटू दिलं. दोन वर्षं तुमचा हात खोटा पडू दिला. फोनवर तुमचं "हं" ऐकलं का मले बरंच वाटे, आता विचारणार नाही म्हणून. हे लिहाले नको होतं, पण खरं आहे.

हे पत्र तुम्ही स्वतः इंदुताईकडं घेऊन जा अन वाचून दाखवा. दामिनीले वाचाले लावू नका. त्या म्हणाल्या पोलिसात द्या, तर पत्ता पाकिटावर आहे, मी इथून हलत नाही. त्या काहीच नाही म्हणाल्या, तर तेही कळवा. माफ करा म्हणून लिहिलं होतं, खोडलं. अन गॅरेज उघडा. माझ्यासाठी नाही. तुम्ही विसरले नव्हते म्हणून उघडा.

त्या कामाचे दादानं मले पाचशे दिले होते. त्याचे मी बर्डीच्या बाजारातून जोडे घेतले, अन तेच घालून दादाच्या मयतीले गेलो. काम आपल्या गॅरेजात झालं, तुमच्या पकडीनं झालं, अन पैसे मी गल्ल्यात टाकले नाही. इंदुताईच्या हातावर ते ठेवाची माझी हिंमत नाही. तुम्हीच घ्या. या महिन्याच्या पगारातले आहेत.

तुमचा,
साहिल

पाकिटात रुपये पाचशे.