दिशाच्या मानेवरच्या गाठी

२४ नोव्हेंबर, सोमवार
परत दिशाच! जानेवारीतल्या निवड चाचणीत पहिली चढाई तिची आणि मी राखीव. पाचवीपासून नाहूरच्या मैदानावर एकत्र कबड्डी खेळतोय, एकाच बाटलीतून पाणी पितोय, पण विद्याधर सरांना मी दिसतच नाही. "सुलू, दिशाचे पाय बघ कसे पडतात." बघतेच आहे! दुसरं काय करते मी?
जळते मी तिच्यावर. इथे लिहायला कसली लाज?

२८ नोव्हेंबर
दिशा तीन चढायांतच दमली. घसा धरलाय, पापण्या सुजल्यात, अंगात कणकण. वेणी वर बांधली तेव्हा दिसलं — मानेच्या दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी.
"सरांना बोलू नकोस हां यार, बसवतील मला."
नाही बोलले. मैत्रीबित्री काही नाही. मनात म्हटलं, खेळ अशीच, आपटशील तोंडावर.

३ डिसेंबर
टॉन्सिल्स समजून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर हिच्या अंगभर लाल पुरळ! तरी मैदानात हजर. मी गप्प.

८ डिसेंबर
रक्त तपासलं. मोनोन्यूक्लिओसिस! लाळेतून पसरतो म्हणे. पोरी लगेच सुरू — "कुणाचा किस घेतलास गं?" आजारातसुद्धा हीच भाव खाणार!
सोनोग्राफीत पोटातली प्लीहा सुजलेली निघाली. पोटावर एक लाथ बसली असती तर फुटली असती, डॉक्टर म्हणाले. दोन महिने कबड्डी बंद.
म्हणजे पहिली चढाई माझी!! आरशासमोर नाचले. मग आरशात स्वतःकडे बघून थांबले. पण नाचले ते नाचलेच.

३० डिसेंबर
आज सहा जणी बाद केल्या. सर म्हणाले, "झकास!" आणि सगळ्या पोरी कुठे? बाकावर शाल गुंडाळून बसलेल्या दिशाभोवती. "जेवलीस का गं? बरं वाटतंय ना?" मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

७ जानेवारी
घसा दुखतोय. थंडीने असेल. आई ओरडली, "दिवसभर काय निजतंस गो?" काय करू, झोप संपतच नाही.

९ जानेवारी, शुक्रवार
वेणी घालताना हात मानेवरच थांबला. दोन्ही बाजूंना आहेत. वाट लागली! आणि चाचणी परवावर.
ओढणी गुंडाळून सरावाला गेले. दिशाने ओढणी सरळ बाजूला केली. "सुले, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा."
म्हटलं, "एक शब्द बोललीस सरांना तर बघच!"

१० जानेवारी
बोलली! सकाळीच फोन केला सरांना. जळकुटी मेली! माझी एक चढाई बघवली नाही तिला. सर घरी आले, आईला आणि मला थेट सोनोग्राफीला घेऊन गेले.

११ जानेवारी, रविवार
माझीही प्लीहा सुजली आहे.
तिकडे चाचणी संपलीसुद्धा असेल. दिशा बघायलाही गेली नाही, सकाळपासून माझ्या उशाशी बसली होती. निघताना म्हणाली, "सरांना बोलू नकोस म्हटलं तेव्हा तू गप्प बसलीस ना, मैत्रीण म्हणून. मला नाही जमलं गं तुझ्यासारखं. सॉरी."