पाईप कापायचा नाही

मी, सहादेव किसन तोरडमल, वय एकाहत्तर, निवृत्त वेल्डर, राहणार कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, बुद्धी शाबूत असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय (पत्नी बनुबाई शेजारी बसली आहे, तरीही) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहते घर बनुबाईला तिच्या हयातीपर्यंत. तिच्या पश्चात घर आणि जमीन अंगद व बिभीषण या दोन्ही मुलांना समान.

२. वेल्डिंग मशीन थोरली सून धनश्री हिला. अंगणाचे फाटक तिने जोडले. मुलांनी ते फक्त उघडून पाहिले.

३. माझा ग्राइंडर शेजारी रामहरी यांच्याकडे आहे. तो त्यांनाच द्यावा, म्हणजे माझ्या मयतीला तरी ते तोंड न चुकवता येतील.

४. अंगणातला पाईप. नगरच्या एमआयडीसीत जाड पोलादी प्लेट वाकवून तिच्या कडा जोडल्या, ती लांब शिवण माझ्या हातची. उणे पंचेचाळीस अंशांच्या थंडीत, प्रचंड दाबाखालीही न तडकणारा हा माल. त्याचा उरलेला तुकडा निवृत्तीच्या दिवशी कंपनीने मला दिला. गडगडू नये म्हणून मी त्याला पाय लावले. कर्जतच्या उन्हात तो एवढा तापतो की दिवे लागेपर्यंत त्यावर बसता येत नाही, ते सोडून द्या.

अंगदला तो पाण्याच्या टाकीखाली हवा आहे, बिभीषणला शेतातल्या मोरीला. कापून अर्धा-अर्धा घ्यायचे ठरले, तर कोणता अर्धा कोणाचा यावर भांडण. दिवाळीपासून दोघे त्याच्या दोन टोकांना बसतात आणि म्हशीमार्फत बोलतात. "तुज्या मालकाला सांग, मोटार बंद कर." म्हैस सांगत नाही. बनुबाई म्हणते, "कंपनीत लोखंड जोडत हुता, आता पोरं जोडा की." ते मला जमले नाही, याचे फार वाईट वाटते.

सबब, पाईप कापायचा नाही. जो एकटा उचलून नेईल, त्याचा. दोघांनाही उचलवला नाही तर रामहरींना द्यावा. ते काहीही उचलून नेतात.

५. वरील कलम लिहून होते तोच बनुबाई उठली. कुरडया वाळत घालायला जागा हवी म्हणून तिने ऊन चढायच्या आत दोघांना पाईप सरकवायला लावला. खाली ठेवताना अंगद म्हणाला, "बिभ्या, बोट हाय माजं खाली."

बिभीषण म्हणाला, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय, दादा?"

म्हशीने मान वळवून पाहिले.

सबब, कलम चार रद्द. पाईप दोघांचा, आता ठेवला आहे तिथेच. रामहरींनी वाईट वाटून घेऊ नये.

ठिकाण: कर्जत
दिनांक: १२ एप्रिल २०२५
सही: सहादेव किसन तोरडमल

साक्षीदार:
१. रामहरी (ग्राइंडर उद्या आणतो म्हणाले)
२. कडूबाई, माझी चुलत बहीण

वकील म्हणाले, वारसांच्या सह्या लागत नाहीत. तरी मी घेतल्या.
अंगद (डाव्या हाताने, उजव्या हाताच्या बोटाला फडके आहे)
बिभीषण (अंगदसाठी कागद यानेच धरला)