एका घराच्या दोन उपासना

५ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये ड्रम आला. सात रस्त्यावरच्या दुकानातून, टेम्पोत. आणणारी कोण, तर आमच्याच सूनबाई, प्रिस्किल्ला! ती गिटारवर, बँकेतला विनय ड्रमवर. मी नेहमीसारखी पेटीवर, शमुवेलमामा तबल्यावर. पहिल्याच कडव्यात पेटी बुडाली. भाता मारतेय, बोटं चालताहेत, पण माझं मलाच ऐकू येईना. मामांनी तबला थांबवला, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. सगळ्यांदेखत!
जेवताना प्रि.चं तोंड एकीकडे, माझं दुसरीकडे. आशिषने दोघींना भाकरी वाढली. मुलगा आणि नवरा, दोन्ही एकाच वेळी. बिचारा.

७ जाने.
प्रि. म्हणाली, "आई, तरुण पोरं यायला लागलीत, ते नाही का दिसत तुम्हाला?"
"दिसतं की. पण शब्द ऐकू यायला नकोत? आपण देवासाठी गातो, चर्चमागच्या कॉलनीसाठी नाही."
तिला एकदम हसू फुटलं. मग मलाही. भांडण मात्र जागेवरच.

१२ जाने., रविवार
चर्चची कमिटी बसली. पाळकसाहेबांनी तोडगा काढला, दोन उपासना. सकाळी लवकर जुनी भजनं, नंतर नवी गाणी. चार रविवार करून बघायचं, मग ठरवायचं.
मामा खूश. "आता निवांत गाऊ बगा, बाई."
मी हो म्हटलं. पण एका घरातून दोन रिक्षा... गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत घरी यायला उशीर झाला, सगळ्या वाटेत हेच डोक्यात.

१९ जाने., रविवार
पहिली उपासना. थंडी, शाली, सगळी पिकली डोकी. पेटीचा सूर न् सूर ऐकू आला. मनापासून वाजवलं. तरी काहीतरी चुकल्यासारखं. एक लेकरू रडलं नाही, कुणी बाकाखालून पळालं नाही. नात प्रि.बरोबर दुसऱ्या उपासनेला.
गंमत पुढेच. संपल्यावर घरी कुणी जाईना. चहा दुसऱ्या उपासनेनंतर! महिला मंडळाने ठणकावलंय, चहा एकदाच टाकणार. मग आम्ही सगळे लिंबाखाली खुर्च्या टाकून उन्हात ड्रम ऐकत बसलो.
"लई आवाज," मामा म्हणाले. पाय ठेका धरून.

२६ जाने., रविवार
लिंबाखाली मामा दिसेनात. शोधलं, तर दुसऱ्या उपासनेत मागच्या बाकावर! "चहाला येळ हाय की अजून. बाहेर ऊन लागतं."
जानेवारीत ऊन. आणि यंत्र कानात.

२ फेब्रुवारी, रविवार
आज प्रि. नातीला घेऊन पहिल्या उपासनेला आली. न सांगता. नात बाकाखालून पळाली. कुणीही दटावलं नाही.
दुपारी स्वयंपाकघरात प्रि. म्हणते, "आई, तिसऱ्या कडव्यात चाल वर नेता ना, ती शिकवा मला."
"गिटारवर नाही बसायची."
बसली. पूर्ण नाही. शेवटची मुरकी काही जमली नाही तिला. तेवढं समाधान राहू दे मला.

६ फेब्रु.
दुपारी मामा आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं.
"बाई, विनय म्हणतोय, मामा, आमच्यात तबला वाजवा. ड्रम हळू ठेवतो म्हणाला. दोन्हीकडं वाजवणं न्हाय झेपायचं मला. तुमी रागावणार न्हाय न्हवं?"
"वाजवा की!" लगेच म्हटलं.
ते गेल्यावर पेटीपाशी बसून राहिले. किती लग्नं, किती मयती वाजवल्या दोघांनी. तबल्याशिवाय पहिली उपासना म्हणजे... थोडं रडू आलं. मग हसूच. एवढा सत्तरीचा माणूस, नव्या नवरीसारखा लाजत होता.

८ फेब्रु., शनिवार
पाळकसाहेबांचा फोन. उद्या चहानंतर कमिटी. निम्मे म्हणतात दोन ठेवा, निम्मे म्हणतात एक करा. "बाई, तुम्ही ज्या बाजूला, तिकडे पारडं. काय करायचं?"
"उद्या सांगते," म्हटलं.
आतल्या खोलीत प्रि.चा सराव चाललेला. आशिष दारात आला, फोन हातात धरून.
"आई, रिक्षावाला विचारतोय, उद्या पहिल्याला यायचं की दुसऱ्याला?"
आतली गिटार थांबली.
"त्याला म्हणावं, जरा थांब. आधी आम्ही दोघी बोलतो..."